चुलीचा तिसरा दगड

पोर्ट ऑफ स्पेन,
२८ फेब्रुवारी १९७४

एर्स्किन,

काल राखेचा बुधवार. कपाळावर राख लावून कामावर आले, तर साहेब म्हणाले, तुमच्या सेंट ऑबन बेटाचा डोंगर पुन्हा जागा झालाय. मुखातलं तळं उकळून आटलं आणि तिथे खडकाचा ढीग वर येतोय म्हणे. आई, तू, धाकटी बहीण व्हर्लिन, सगळी त्या डोंगराच्या पायाशी बसला आहात, आणि मला बातमी द्यायची ती साहेबांनी? सख्ख्या भावाच्या हाताला काय वाळवी लागली होती?

ते असो. मला त्या नव्या ढिगातला एक दगड हवा आहे. इथे मी दगडाची चकती कापते आणि घासून घासून इतकी पातळ करते की तिच्यातून उजेड जातो. मग आतले खडे दिसतात.

तू दरवर्षी उसाचा रस आटवतोस ना? डोंगराखाली तेच चालतं. आपल्या बेटांच्या रांगेखाली समुद्राचा तळ बुडत चाललाय. तो ओला असतो. त्याचं पाणी वरच्या तापलेल्या खडकात शिरतं आणि खडक वितळतो. तो रस वर चढतो, वाटेत कुठेतरी तुंबतो आणि निवायला लागतो. आधी जड खडे धरतात आणि तळाशी बसतात. उरलेला रस काकवीसारखा चिकट होत जातो आणि सगळी वाफ त्याच्यातच कोंडते. सावकाश वर आला तर वाफ वाटेत निसटते आणि नुसता ढीग साचतो, मागच्या वेळी साचला तसा. घाईने आला तर वाफेला वाट मिळत नाही. मग डोंगर फुटतो.

त्या रसात काळ्या सुया धरतात. सुईला जळका काठ जाड असेल तर रस रमतगमत आलाय. काठ नसेल तर तो धावत आलाय. मला एवढंच बघायचंय.

आणि डिलेसीपासून हात आवर. तू कोयता घेऊन त्याच्या कुंपणावर गेला होतास, हे मला व्हर्लिनने कळवलंय. आईला माझे मुके.

युलाली

•

फों कासाव,
९ मार्च १९७४

लाली,

तू पानभर दगडांबद्दल लिहिलंस. माझी गाभण शेळी गेली, तिच्याबद्दल एक शब्द नाही. शिकलेल्या माणसांचं असंच असतं.

मागची वेळ विसरलीस वाटतं. तू तिकडे वसतिगृहात होतीस म्हणा. आम्हांला ट्रकात कोंबून दक्षिणेला नेलं आणि शाळेच्या फरशीवर टाकलं. तिथे आईचे गुडघे धरले ते आजतागायत सुटले नाहीत. आणि डोंगराने काय केलं? थुंकला आणि झोपला. परत आलो तर शेळ्या गेलेल्या, भांडी गेलेली, घराचं दार गेलेलं. दारसुद्धा, लाली! आणि बापाचा पितळी कंदील डिलेसीच्या ओसरीवर लटकतोय. म्हणे, रस्त्यात सापडला. मी त्याच दिवशी आईसमोर शपथ घेतली की आता मला या दरीतून पेटीत घालूनच काढावं लागेल.

तुझा दगड पाठवतोय. थेट ढिगावरून उचललाय, हात पोळला माझा. कॅप्टन ओग्युस्तच्या बोटीने येईल. वर काही विशेष तमाशा नाही.

गावातले निम्मे लोक बोचकी बांधून बसलेत. सिमियन बिगुल वाजवल्यासारखी प्रार्थना म्हणतो. पाद्री महिन्यातून एकदा येतो, बाकीचे दिवस हाच आमचा पोप. तेव्हा लवकर लिही आणि काय ते एकदाचं सांग.

एर्स्किन

•

पोर्ट ऑफ स्पेन,
१७ मार्च १९७४

एर्स्किन,

दगड मिळाला. बोटीत ओला झाला होता, पण तुला शाबासकी.

सुयांचा काठ चांगला जाड आहे, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखा. रस सावकाश चढलाय, वाफ वाटेतच गेलीय. मागच्या वेळचीच तऱ्हा दिसते. ढीग वाढेल, धूर येईल, भाजीवर राख पडेल, बस. आईला सांग, स्वस्थ झोप. बोचकी बांधणाऱ्यांनाही सांगायला हरकत नाही.

शेळीचं वाईट वाटलं. खरंच.

युलाली

•

फों कासाव,
२५ मार्च १९७४

लाली,

तुझं पत्र मी देवळात वाचून दाखवलं! सिमियन स्वतः बाजूला सरकला आणि म्हणाला, एर्स्किन, तू वाच. "सुयांचा काठ चांगला जाड आहे" म्हटल्याबरोबर म्हाताऱ्या "आमेन" म्हणाल्या. त्याच दिवशी सगळ्यांनी बोचकी सोडली. आता मी रस्त्याने निघालो की लोक रमचा पेला पुढे करतात. पाकिटावरच्या त्रिनिदादच्या तिकिटाला पोरं हात लावून बघतात.

एकालाच पोटशूळ उठला. दुकानात सगळ्यांसमोर डिलेसी म्हणाला, "बघा, एर्स्किन आता बहिणीचा झगा घालून हिंडतो." मी हसलो. मग म्हणाला, "डोंगर नुसता खोकला तरी मागच्यासारखाच शेपूट घालून पळेल." तेव्हा मी हसलो नाही. दाराशी कॉफी कुटायचं मुसळ होतं. एकच हाणलं, नडगीवर. काय आवाज आला म्हणून सांगू! दुकानात सगळ्यांचे पेले हवेत थांबले.

टांटी मेल्बाने हाड बसवलं, पाला घालून फळ्या बांधल्या. मावशी मला शिव्या देत होती आणि तो मावशीला. ती म्हणते, पेन्टेकॉस्टच्या सणाला, म्हणजे जूनमध्ये, तो चालायला लागेल. चालू दे. तोवर माझ्या कुंपणाकडे फिरकणार नाही. माझ्या हातांना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आई बरी आहे. चुलीवर भांडं कलंडतं म्हणून दिवसभर कुरकुरते.

एर्स्किन

•

पोर्ट ऑफ स्पेन,
१ एप्रिल १९७४

एर्स्किन,

चुलीवर भांडं का कलंडतं रे?

आज सकाळी मी त्या दगडाची दुसरी चकती कापायला घेतली. करवत आत शिरली आणि अख्ख्या प्रयोगशाळेत खारवलेल्या माशाचा वास सुटला. साहेब म्हणाले, "मिस ऑलिव्हिएर, तुमचा डोंगर जेवून आलाय." सगळे हसले. मी तुकडा भिंगाखाली धरला. दगडाच्या भोकाभोकांत चरबी मुरलीय. वरची काजळी तू घासून काढलीस, आतली कशी काढणार?

तू मला आईच्या चुलीचा दगड पाठवलास. मागच्या वेळच्या ढिगातला, गडगडत दरीत आलेला, आईने उचलून चुलीला लावलेला. त्याचा काठ जाडच असणार! आणि त्याच्यावर विसंबून मी एका गावाला झोप म्हणून सांगितलं. तू ते देवळात उभा राहून वाचलंस!

तुझ्या मुस्कटात मारायला मी तिथे नाही, हे तुझं नशीब. दुसऱ्याचं हाड मोडून फुशारकी मारणाऱ्या माणसाला डोंगरावर चढायची हिंमत नाही, होय? हात पोळला म्हणे!

हे पत्र मिळताच वर जा. खरा दगड ओग्युस्तच्या हाती दे. आणि त्याच देवळात, त्याच जागी उभा राहून सांग की माझं पत्र खोटं आहे.

युलाली

•

फों कासाव,
६ एप्रिल १९७४

लाली,

मी गेलो होतो गं तेव्हाही. अर्ध्या वाटेवर रानशेळ्या मरून पडल्या होत्या, अंगावर जखम नाही, नुसत्या आडव्या. एकही पक्षी ओरडत नव्हता. माझे पाय पुढे गेले नाहीत. डिलेसीच्या बोलण्यानंतर मी भ्यालो, असं कुणाला सांगणार होतो? तुला तर नाहीच.

काल तोंडाला ओलं फडकं बांधून कड्यापर्यंत चढलो. ढीग आता मुखातून डोकं काढून उभा आहे. त्याला भेगा पडतात आणि आतून लाल दिसतं. त्यातला एक तुकडा फुटून उडाला आणि माझ्या बुटाशी येऊन पडला. बूट जळला. तोच तुकडा पाठवतोय. पायाखालची जमीन उतू जाणाऱ्या भांड्याच्या झाकणासारखी हलत होती.

देवळात सांगितलं. कुणी ऐकत नाही! म्हणतात, तुला पुन्हा पुढारी व्हायचंय. मी म्हणालो, दगड आमच्या चुलीचा होता. ते पोट धरून हसले. सिमियन म्हणाला, "पत्रावर तिकीट आहे, शिक्का आहे. तुझ्या तोंडावर काय आहे?" आईसुद्धा म्हणते, लाली लहानपणापासून खोटं लिहीत नाही.

उद्या झावळ्यांचा रविवार. मग पवित्र आठवडा. शुक्रवारी ख्रिस्ताच्या मूर्तीला खांदा देणाऱ्या चौघांत यंदा मी आहे. तुझ्या पत्राने मिळवून दिलेला मान.

एर्स्किन

•

तार
पोलीस चौकी, फों कासाव. ११ एप्रिल १९७४

एर्स्किन ऑलिव्हिएर यांस. सुयांचा काठ केसाएवढा. खालून नवा तापलेला रस जुन्यात घुसलाय. सरकारला कळवलं. ट्रकची वाट पाहू नका. आजच 'गाढवाची पाठ' ही डोंगरधार ओलांडून पलीकडे जा. नदीच्या वाटेने जाऊ नका. आईला उचलून ने. युलाली.

•

पोर्ट ऑफ स्पेन,
१६ एप्रिल १९७४

एर्स्किन,

रेडिओवर सांगतात, दरी गेली. माणसांचं काही सांगत नाहीत. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू तेही कळत नाही. दक्षिणेच्या प्रत्येक छावणीला एकेक पाठवतेय. नुसता कागदावर अंगठा उठवून पाठव. तुझा, आईचा, कुणाचाही.

लाली

•

छावणी, साउथ पॉइंट,
४ मे १९७४

लाली,

अक्षर व्हर्लिनचं आहे. माझा उजवा हात मोडलाय. मी सांगतो, ती लिहिते, आणि मध्येच रडते, म्हणून डाग पडलेत.

आई जिवंत आहे. आधी हे वाच, मग बाकीचं.

तुझी तार हवालदाराने वाचली. वरून त्याला निरोप होता की सणामुळे ट्रक सोमवारी येतील. मी दारोदार फिरलो. सगळ्यांचं एकच म्हणणं, सणाचे दिवस जाऊ दे. शुक्रवारी आपल्याकडे कोयता उचलत नाहीत, खिळा ठोकत नाहीत, प्रवासाला निघत नाहीत, तुला ठाऊकच आहे. सकाळी टांटी मेल्बाने शकुन बघायला पाण्याच्या पेल्यात अंड्याचं पांढरं सोडलं. त्याला जहाजाचा आकार आला. म्हणजे प्रवास. सगळे हसले, आज कोण निघतंय?

दुपारी जमीन गुरगुरायला लागली. मला वाटलं, आता तरी उठतील. तर सिमियन वेदीपुढे हात वर करून म्हणाला, "प्रभूने प्राण सोडला तेव्हा धरणी कापली होती! गुडघे टेका!" आणि सगळ्या गावाने गुडघे टेकले. डोंगर जितका गर्जे तितके हे जोराने गात. आईचा चेहरा तर असा उजळला होता की जणू देव तिच्याशीच बोलतोय. मी तिला उचलायला गेलो, तिने माझ्या हाताचा चावा घेतला.

लाली, मग माझं डोकं फिरलं. तीन वाजता मिरवणूक निघाली. त्या दिवशी घरात कुणी राहत नाही, चालता न येणाऱ्यांनाही पाठीवर घेऊन आणतात. आम्ही चौघांनी मूर्ती उचलली. आपला तो लाकडी ख्रिस्त, बारक्या पोराएवढा. देवळाच्या पायऱ्या उतरलो आणि मी पुढच्या खांदेकऱ्याच्या पाठीत लाथ घातली. तिरडी पडली. मी ख्रिस्ताला काखेत मारला आणि पळत सुटलो.

आधी कुणाला कळेचना. मग जी बोंब उठली! गोफणी, दगड, मेणबत्त्यांचे दांडे. सिमियन क्रूसच उपसून धावला. मी ओरडत होतो, "या रे भेकडांनो! तुमचा देव नदीत बुडवतो! या!" तोंडाला येईल ते बरळलो. ते काय काय होतं, ते व्हर्लिन लिहिणार नाही म्हणते.

उसाच्या वळणावर मी त्यांना दिसेनासा झालो. पुढे दोन वाटा फुटतात, एक नदीची, एक गाढवाच्या पाठीवर चढणारी. फाट्यावर डिलेसीचं घर. तो ओसरीवर पाय लांब करून बसला होता. खांदेकऱ्यांत मी आहे म्हणून तो मिरवणुकीला आला नव्हता, नाहीतर त्यालाही कुणीतरी पाठीवर घातलंच असतं. मला बघून तो पोट धरून हसायला लागला. "अरे एर्स्किन, अखेर पळालासच! आणि एकटा नाही, देवाला घेऊन!" मग त्याने मान वळवून डोंगराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. त्याचं हसू गेलं. मी चढणीला लागलो.

मागून लोक आले. मी नदीने गेलो असं समजून निम्मे तिकडे वळणार होते. व्हर्लिन तिथे होती, तिने कानांनी ऐकलंय. डिलेसीने कुबडी उचलून डोंगरवाटेकडे रोखली आणि बोंबलला, "तिकडे, वर! पकडा त्या हरामखोराला! एकानेही मागे राहू नका! माझ्या वाटणीचंही हाणा!" आणि सगळं गाव वर चढलं.

खिंडीत त्यांनी मला धरलं. पहिला फटका आईचा. कुंपणापर्यंत जायला जिला दोन माणसं लागतात ती काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे होती. मग सिमियनचा क्रूस हातावर बसला. तीन दात गेले, एक कान फाटला. मागून म्हातारे, पाठीवरचे, लेकुरवाळ्या, सगळे चढून आले, माझी कातडी लोळवतात ते बघायला. मी ख्रिस्ताला पोटाशी धरून पडलो होतो आणि मोजत होतो, आता कोण आलं, आता कोण आलं.

आणि डोंगर फुटला.

आवाज मी सांगत नाही, त्या कानाने अजून ऐकू येत नाही. वर काळा गड्डा उकळत चढला आणि दिवसाची रात्र झाली. दगड पडायला लागले. ज्यांनी मला मारलं ते माझ्याच अंगावर येऊन पडले. मी उठून बसलो, तर खाली मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात, फाट्यावर, एक दिवा लागला. बापाचा कंदील, लाली. अंधार झाला म्हणून त्याने कंदील लावला होता.

मी ओरडलो, "डिलेसी राहिला!" आणि उठलो. सिमियनने माझी कंबर धरली, आईने पाय धरले. मी सिमियनला चावलो, मोडक्या हाताने मारलं, आईला ढकललं, खोटं नाही सांगत. त्यांनी सोडलं नाही. तेवढ्यात मुखाच्या कडेवरून तो लोट उतरला. खाली लाल, वर राखाडी, नदीच्या वाटेने. धावत नव्हता, सांडत होता. कंदील दिसत होता, आणि मग नव्हता.

काल शिपायांनी आम्हांला दरीत नेलं. गाव नाही. फाट्याची जागा मी पावलं मोजून ओळखली. तिथे काही सापडलं नाही, नुसते दगड. त्यातला एक आणलाय. सोबत पाठवतो. हाही खरा आहे.

मला एकच सांग. मी त्याच्या नडगीवर मुसळ घातलं त्या दिवशी हा दगड खालून वर निघाला होता का? तेव्हाच निघाला असेल, तर मी म्हणेन, जे व्हायचं ते ठरलेलं होतं, माझ्या हातांचा त्यात काही संबंध नाही. इथे सगळे मला खांद्यावर घेतात. सिमियन माझे पाय धुतो. मला झोप येत नाही.

एर्स्किन

•

पोर्ट ऑफ स्पेन,
१३ मे १९७४

एर्स्किन,

तुझं पत्र छातीशी धरून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसले आणि मोठ्याने रडले. आई आहे. व्हर्लिन आहे. तू आहेस. साहेब पाण्याचा पेला घेऊन उभे होते.

मग दगड कापला. तीनदा कापला, कारण मला दुसरं उत्तर हवं होतं.

सुया कोऱ्या आहेत. काठ मुळीच नाही. प्रत्येक खड्याला बाहेरून एक स्वच्छ, ताजं वेढण आहे, खालून नवा रस आला तेव्हा चढलेलं. एवढ्या कोऱ्या सुया घेऊन वर यायला चार-पाच दिवसांपेक्षा जास्त लागत नाहीत. तू मुसळ उचललंस तेव्हा हा दगड दगड नव्हता. खोल खाली, वितळलेला, जागच्या जागी होता. कुठेही निघालेला नव्हता. ते हाड बसायला पेन्टेकॉस्ट लागणार होता. डोंगराला तेवढा वेळ नव्हता.

दगडांबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. एकदा न तपासता बोलले आणि गाव तीन आठवडे दरीत बसून राहिलं. ते माझ्या वाट्याचं आहे, ते मी कुणावर ढकलणार नाही. तूही तुझं ढकलू नकोस. रात्री झोप आली नाही तर मला लिही. हाताचं प्लास्टर निघालं की स्वतःच्या अक्षरात लिही.

तुम्ही आता तंबूत राहता, म्हणजे चूल नव्याने मांडावी लागेल. आईच्या चुलीचा दगड माझ्याकडे आहे. एका बाजूने कापलाय, पण भांडं पेलेल. तो ओग्युस्तबरोबर पाठवतेय. कापलेली बाजू खाली करून ठेव. दुसरा दगड म्हणून डिलेसीच्या जागेवरचा लाव, तोही याच पेटीत आहे. तिसरा तू शोध.

लाली